'मी त्यांच्या जागी असतो तर…'

एक वाक्य आपल्या घरांत वारंवार ऐकू येते. ते उच्चारताना आपल्या हातून काही अपराध घडतो आहे, असे आपल्याला मुळीच वाटत नाही. उलट आपले ईमान जागे असल्याचीच ती खूण वाटते. 'मी त्यांच्या जागी असतो तर असे होऊच दिले नसते,' हे ते वाक्य. नात्यातील एका बापाने कर्ज काढून मुलीच्या लग्नात हुंडा दिला, कोणी धाकापोटी खोट्या जबानीवर सही केली, एखाद्या विधवेने मुलांच्या फीसाठी व्याजाने पैसे उचलले. बातमी येते, चहाचे कप फिरतात आणि बैठकीतील कोणीतरी हे वाक्य बोलून जातो. सीरतच्या जलशातून घरी परतताना तेच वाक्य अधिक सोज्वळ वेष घेऊन येते: आम्ही प्रेषितांच्या (स.) काळात जन्मलो असतो तर त्यांच्यासाठी प्राण दिले असते.

या दुसऱ्या वेषापासूनच सुरुवात करू, कारण त्याला प्रत्यक्ष सहाबांनी (रजि.) उत्तर देऊन ठेवले आहे.

'सहीह मुस्लिम'मध्ये खंदकच्या लढाईच्या प्रकरणात एक प्रसंग नोंदलेला आहे. हजरत हुजैफा बिन यमान (रजि.) यांच्या बैठकीत एक मनुष्य म्हणाला की, मला जर अल्लाहचे प्रेषित (स.) लाभले असते, तर मी त्यांच्यासोबत लढलो असतो आणि प्रयत्नांची पराकाष्ठा केली असती. भावना किती सुंदर! आपल्यापैकी कोणी असे बोलला तर श्रोते 'माशाअल्लाह' म्हणतील. हुजैफा (रजि.) यांनी मात्र त्याला विचारले की, तू खरोखरच असे केले असतेस काय? आणि मग त्यांनी त्याला एका रात्रीची हकीकत सांगितली.

ती रात्र हिजरी सन 5 (इ. स. 627) मधील. कुरैश, गतफान आणि त्यांच्या मित्रटोळ्यांनी मदीनेला वेढा घातला होता. शहराच्या उघड्या बाजूला खोदलेला खंदक तेवढा मध्ये होता. उपासमार होती, थंडी होती, आणि सोबतीचे काही लोक 'आमची घरे उघडी पडली आहेत' ही सबब पुढे करून निसटू पाहत होते. भीतीने काळजे गळ्याशी आली होती, असे त्या दिवसांचे वर्णन सूरह अहजाबमध्ये आहे. त्यातच एका रात्री झंझावाती वारा सुटला. प्रेषितांनी (स.) विचारले की, शत्रूच्या छावणीत जाऊन तेथील बातमी आणणारा कोणी आहे काय? जो जाईल त्याला अल्लाह कियामतच्या दिवशी माझ्या सोबत ठेवील, अशी ग्वाहीही त्यांनी दिली. कोणीच उत्तर दिले नाही. त्यांनी दुसऱ्यांदा विचारले. शांतता. तिसऱ्यांदा विचारले. पुन्हा शांतता.

वाचकहो, येथे क्षणभर थांबा. विचारणारे कोण होते? ज्यांच्यासाठी प्राण देण्याची भाषा आपण सहज बोलतो, ते. मोबदला कोणता होता? कियामतच्या दिवशी त्यांची सोबत. याहून मोठे बक्षीस कोणत्याही श्रद्धावंताच्या कल्पनेत नाही. आणि त्या अंधारात गप्प राहिलेले कोण होते? आपल्यासारखे नव्हेत. ते उहुदची जखम सोसलेले लोक होते. खुद्द हुजैफा (रजि.) यांनी उहुदच्या गोंधळात आपल्या पित्याला मुसलमानांच्याच तलवारींखाली चुकून मारले जाताना पाहिले होते, आणि मारणाऱ्यांसाठी त्याच जागी अल्लाहकडे क्षमा मागितली होती. अशा माणसाला भित्रा म्हणण्याची कोणाची छाती आहे? तरीही तो सांगतो की, आम्ही सारे गप्प राहिलो. त्यातून तो स्वतःला वगळत नाही.

शेवटी प्रेषितांनी (स.) नाव घेऊन हाक मारली, तेव्हा उठल्यावाचून गत्यंतर उरले नाही, असे हुजैफा (रजि.) सांगतात. सूचना एवढीच होती की, बातमी आण आणि त्यांना डिवचू नकोस. पुढचा तपशील मला या वृत्तांताचा प्राण वाटतो. ते निघाले तेव्हा जणू ऊन ऊन हमामखान्यातून चालल्यासारखे त्यांना वाटले. गारठा नाहीसा झाला. शत्रूच्या छावणीत अबू सुफियान शेकोटीपाशी पाठ शेकत होते. हुजैफा (रजि.) यांनी धनुष्याला बाण लावला, सोडला असता तर तो लागलाच असता. पण सूचना आठवली आणि त्यांनी हात आवरला. ते परतले, बातमी सांगितली, आणि काम संपताच त्यांना पुन्हा हुडहुडी भरली. प्रेषितांनी (स.) ज्या वस्त्रात ते नमाज अदा करीत होते त्याचा पदर त्यांच्यावर पांघरला. ते पहाटेपर्यंत झोपले, आणि प्रेषितांनी (स.) त्यांना लाडाने 'झोपाळू' म्हणून हाक मारून उठवले.

ऊब कधी आली आणि कधी गेली, हे नीट पाहा. हाकेच्या आधी ती नव्हती. पाऊल उचलल्यावर आली, आणि कामगिरी पूर्ण होताच निघून गेली. ती हुजैफांची (रजि.) स्वतःची मिळकत नव्हती, त्या कामापुरती, त्या वाटेपुरती दिलेली ती देणगी होती. आपण तिला 'तौफीक' म्हणतो. हा शब्द आपल्या तोंडी इतका रुळला आहे की, त्याचा अर्थ आपण विसरूनच गेलो आहोत. कठीण प्रसंगी पाय घट्ट रोवून उभे राहण्याचे बळ आपण कोठारात साठवून ठेवलेले नसते. ते त्या घटकेला अल्लाहकडून उतरते, किंवा उतरत नाही. मग जे बळ अजून आपल्या हाती आलेलेच नाही, त्याच्या जोरावर 'मी असे केले असते' म्हणणे, हे दुसऱ्याच्या तिजोरीवर हुंडी लिहिण्यासारखे नव्हे काय?

हे तत्त्व सामान्य माणसांपुरते नाही. सूरह बनी इस्राईलमध्ये (17:74) अल्लाह आपल्या अंतिम प्रेषितांनाही (स.) स्मरण करून देतो की, आम्ही तुम्हाला खंबीर ठेवले नसते, तर तुम्हीही त्या लोकांकडे थोडेसे झुकण्याच्या बेतात आला असता. जेथे प्रेषितांच्या (स.) खंबीरपणाचे श्रेयही खंबीर ठेवणाऱ्याकडे जाते, तेथे तुमच्या-माझ्या गृहीत धरलेल्या खंबीरपणाचा हिशेब तो काय?

हजरत मिकदाद बिन अस्वद (रजि.) यांचा प्रसंग याच्या जोडीला ठेवण्यासारखा आहे. 'मुस्नद अहमद'मध्ये आणि इमाम बुखारींच्या 'अल-अदबुल मुफरद'मध्ये तो आला आहे. ते बसले असता एक वाटसरू त्यांना पाहून म्हणाला की, ज्या डोळ्यांनी प्रेषितांना (स.) पाहिले ते डोळे धन्य, तुम्ही जे पाहिले ते आम्हीही पाहिले असते तर! मिकदाद (रजि.) संतापले. जवळ बसलेल्या निवेदकाला याचे आश्चर्य वाटले, कारण त्या माणसाने तर चांगलेच उद्गार काढले होते. मिकदाद (रजि.) यांचे म्हणणे असे होते की, अल्लाहने ज्या प्रसंगापासून एखाद्याला दूर ठेवले, त्या प्रसंगी हजर असण्याची इच्छा त्याने का करावी? तेथे आपण कसे निघालो असतो, हे त्याला ठाऊक आहे काय? प्रेषितांना (स.) डोळ्यांनी पाहिलेले असे लोकही होते, ज्यांनी त्यांची हाक नाकारली आणि जे तोंडघशी नरकात पडले. पुढे त्यांनी त्या काळाची कळ सांगितली: माणसाचे हृदय ईमानसाठी उघडलेले असे, पण समोर बाप, मुलगा किंवा भाऊ इन्कारात जगत आणि मरत असे, आणि प्रियजन आगीकडे चालला आहे हे माहीत असल्याने डोळ्यांना थंडावा म्हणून मिळत नसे.

हे बोलणारे मिकदाद (रजि.) कोण, हेही ध्यानात घ्या. बद्रपूर्वी, पुढे काय होणार हे कोणालाच ठाऊक नसताना, आम्ही मूसांच्या (अलै.) लोकांसारखे मागे बसून राहणार नाही, तुमच्या उजवीकडून आणि डावीकडून लढू, अशी ग्वाही देऊन ज्यांनी प्रेषितांचा (स.) चेहरा उजळवला होता, तेच हे. म्हणजे ज्याने परीक्षा दिली होती, तोच परीक्षेची मनोराज्ये करणाऱ्याला आवरीत होता.

आपण सीरत वाचताना स्वतःला कोठे उभे करतो, हे जरा तपासून पाहा. बद्रच्या तीनशे तेरांत, गारेसौरच्या वाटेवर, अन्सारच्या उघड्या दारात. मक्केच्या बाजारात आपण स्वतःला कधी पाहत नाही. पण प्रारंभीच्या वर्षांत मक्केतील बहुसंख्य लोक कोणत्या बाजूला होते? ते सगळेच अबू जहल नव्हते. त्यांतले कित्येक पाहुण्यांची सरबराई करणारे, वडीलधाऱ्यांचा मान राखणारे, काब्याचा आदर करणारे प्रतिष्ठित गृहस्थ होते. त्यांची अडचण एकच होती: वाडवडिलांची रीत मोडवत नव्हती. लग्नातील एखादा निरर्थक रिवाज 'लोक काय म्हणतील' या धास्तीने ज्यांना आजही सोडवत नाही, त्यांनी आपण त्या बाजारात कोणत्या रांगेत असतो याचा अंदाज फार घाईने बांधू नये.

माणसाच्या स्वभावावरून तरी अंदाज बांधता येतो का? तोही हमखास येत नाही. प्रेषितांच्या (स.) निधनाचा दिवस आठवा, हिजरी सन 11, इ. स. 632. त्या दिवशी कोण डळमळेल आणि कोण उभा राहील, असे आदल्या दिवशी मदीनेत कोणाला विचारले असते, तर उत्तर काय आले असते? हजरत उमर (रजि.) यांच्या कणखरपणाची ख्याती होती. हजरत अबू बक्र (रजि.) यांच्याविषयी त्यांची कन्या हजरत आयशा (रजि.) यांनीच, नमाजचे नेतृत्व त्यांच्याकडे सोपवले जात असताना म्हटले होते की, ते फार कोमल हृदयाचे आहेत, कुरआन पढताना त्यांना रडू आवरत नाही. प्रत्यक्षात उमर (रजि.) यांना ती वार्ता सोसवली नाही, प्रेषित (स.) गेलेले नाहीत, असे ते ठासून सांगत राहिले. आणि ते कोमल हृदयाचे अबू बक्र (रजि.) आले, मुखावरचे वस्त्र बाजूला केले, चुंबन घेतले, रडले, बाहेर आले आणि लोकांसमोर उभे राहून त्यांनी सूरह आलि इमरानची 144 वी आयत पढली: मुहम्मद (स.) हे एक प्रेषितच आहेत, त्यांच्यापूर्वीही प्रेषित होऊन गेले, या आशयाची. ती ऐकताच आपल्या पायांतले त्राण गेले आणि आपण जमिनीवर कोसळलो, असे उमर (रजि.) स्वतः सांगत.

ती आयत त्या दिवशी उतरलेली नव्हती. उहुदच्या संदर्भात उतरलेली ती आयत वर्षानुवर्षे पढली जात होती, अनेकांना मुखोद्गत होती, तरी ती जणू त्यांनी त्याच दिवशी प्रथम ऐकली, असे हजरत इब्ने अब्बास (रजि.) यांनी म्हटले आहे. एखादी गोष्ट पाठ असणे आणि ती ऐनवेळी हाताशी येणे, यांत किती अंतर असते पाहा! आणि या आयतीच्या लगतच आधीची आयत (3:143) तर आपल्या विषयावरच आहे. बद्रला मुकलेले काही तरुण पुढच्या लढाईची, शहादतची आस धरून होते. मदीनेबाहेर पडून लढण्याचा आग्रहही त्यांतूनच आला होता. मृत्यू समोर येण्यापूर्वी तुम्ही त्याची इच्छा करीत होता, आता तो तुम्ही डोळ्यांनी पाहिलात, अशा शब्दांत अल्लाहने त्यांना ती आस आठवून दिली. त्यात टोमण्यापेक्षा शिकवण अधिक आहे, असे मला वाटते.

आता येथे कोणी सुजाण वाचक हरकत घेईल. असे असेल तर मग कोणाच्याही चुकीला चूक म्हणायचे नाही काय? जो तो म्हणेल की, तुम्ही माझ्या जागी असता तर तुम्हीही हेच केले असते. लाच घेणाराही हेच म्हणेल आणि पत्नीला मारणाराही.

हरकत योग्य आहे, आणि तिला बगल देणे बरे नव्हे. व्याज हे व्याजच आहे. घेणाऱ्याची हतबलता त्याला हलाल करीत नाही. जुलूम हा जुलूमच, आणि पीडिताच्या बाजूने साक्ष देणे हे कर्तव्यच आहे. कृत्याविषयीचा निर्णय अल्लाहच्या ग्रंथातून आणि प्रेषितांच्या (स.) सुन्नतमधून येतो, त्याला माझ्या-तुमच्या शौर्याच्या आधाराची गरज नाही. 'हे चूक आहे' हे एक वाक्य आणि 'मी हे केले नसते' हे दुसरे. पहिले वाक्य शरीअतविषयी आहे, दुसरे माझ्याविषयी. पहिले सांगण्यास मी बांधील आहे. दुसऱ्याची मला काहीच माहिती नाही. गंमत अशी की, आपण बहुधा दुसरेच अधिक जोराने बोलतो.

प्रेषितांची (स.) रीत पाहिली तर ही सीमारेषा स्पष्ट दिसते. मक्काविजयापूर्वी हिजरी सन 8 मध्ये हजरत हातिब बिन अबी बल्तआ (रजि.) यांनी कुरैशला गुप्त पत्र पाठवून मुसलमानांच्या हालचाली कळवल्या. पत्र नेणाऱ्या स्त्रीच्या मागावर हजरत अली (रजि.), हजरत जुबैर (रजि.) आणि वर उल्लेखिलेले मिकदाद (रजि.) गेले आणि पत्र घेऊन आले. अपराध सामान्य नव्हता. उमर (रजि.) यांनी त्यांची मान उडवण्याची परवानगी मागितली. प्रेषितांनी (स.) मात्र आधी हातिब (रजि.) यांनाच विचारले की, हे काय आहे? कारण असे निघाले की, त्यांची मुलेमाणसे मक्केत होती, तेथे त्यांना पाठीराखे कुळ नव्हते, आणि कुरैशवर काही उपकार करून ठेवला तर घरच्यांना संरक्षण मिळेल, असे त्यांना वाटले होते. त्यांनी खरे सांगितले आहे, असे प्रेषितांनी (स.) म्हटले आणि त्यांच्या बद्रमधील हजेरीची आठवण करून दिली. उमर (रजि.) यांचे डोळे भरून आले. कृत्य मात्र पाठीशी घातले गेले नाही. सूरह मुम्तहिनाची सुरुवात त्याच्या निषेधानेच होते. चूक ती चूक ठरली आणि माणूसही वाचला, कारण निर्णयाआधी एक प्रश्न विचारला गेला.

हजरत अम्मार (रजि.) यांचेही तसेच. त्यांचे माता-पिता, हजरत सुमैया (रजि.) आणि हजरत यासिर (रजि.), छळ सोसून शहीद झाले. अम्मार (रजि.) यांच्या जिभेने छळाखाली हार मानली आणि जे बोलायला भाग पाडले गेले ते बोलून ते रडत आले. एकाच घरात आई ठाम राहिली आणि मुलाची जीभ लवली. प्रेषितांनी (स.) त्यांना आईचे उदाहरण सुनावले नाही. तुझे हृदय कसे आहे, एवढेच विचारले. हृदय ईमानवर निश्चिंत असल्याचे ऐकून त्यांनी दिलासा दिला, आणि सूरह नहलच्या 106 व्या आयतीत अशा विवशांना सूट मिळाली. ज्याच्या छातीवर कधी तापलेला दगड ठेवला गेला नाही, त्याने सुमैया (रजि.) यांचे नाव घेऊन कोणा अम्मारला हिणवू नये.

हिणवणाऱ्यांचे पुढे काय होते, याचे एक चित्र सूरह यूसुफमध्ये आहे. अजीजची पत्नी आपल्या तरुण सेवकावर भाळली, ही वार्ता शहरातील स्त्रियांत पसरली आणि तिला उघड भरकटलेली ठरवून त्या मोकळ्या झाल्या. तिने त्यांना घरी बोलावले, प्रत्येकीच्या हाती सुरी दिली आणि यूसुफ (अलै.) यांना समोर यायला सांगितले. त्यांना पाहताच त्या स्त्रियांनी भान हरपून आपलेच हात कापून घेतले. तिचे कृत्य निर्दोष ठरले, असा याचा अर्थ नाही. कुरआनने ते तसे ठरवलेही नाही. पण बोलणाऱ्यांना आपल्या बोलण्याची किंमत कळली ती सुरी हाती असताना. आणि यूसुफ (अलै.)? ज्यांच्या पावित्र्यावर ही संपूर्ण सूरह साक्ष देते, त्यांनी त्या वेळी 'माझ्यासारखा माणूस घसरणार नाही' असे म्हटले नाही. त्यांनी आपल्या पालनकर्त्याला विनवले की, तू यांचे डाव माझ्यापासून परतवले नाहीस, तर मी त्यांच्याकडे झुकेन आणि अजाणांपैकी होईन. त्यापेक्षा मला तुरुंग प्रिय आहे.

पुढे तुरुंगात कित्येक वर्षे गेली. बादशहाने सुटकेचा निरोप पाठवला तेव्हाही यूसुफ (अलै.) लगेच बाहेर पडले नाहीत, आधी त्या हात कापलेल्या स्त्रियांच्या प्रकरणाची चौकशी व्हावी, असा त्यांनी आग्रह धरला. या प्रसंगावर प्रेषित मुहम्मद (स.) यांनी जे म्हटले ते बुखारी आणि मुस्लिम दोन्हींत आहे, आणि माझ्या मते या विषयावर त्याहून मोठे वचन नाही. त्यांनी म्हटले की, यूसुफ इतका काळ तुरुंगात राहिले तितका मी राहिलो असतो, तर बोलावणाऱ्याच्या हाकेला मी ओ दिली असती. आमच्या विद्वानांनी याला प्रेषितांची (स.) विनम्रता म्हटले आहे आणि ते खरेच आहे. शिअबे अबी तालिबमधील वर्षे ज्यांनी काढली, ताइफमध्ये दगड सोसले, त्यांच्या धैर्याला कोणाच्या दाखल्याची गरज नव्हती. तरीही, जो तुरुंग त्यांच्या वाट्याला आला नव्हता त्याविषयी त्यांनी 'मी असतो तर' हे शब्द वापरले, ते दुसऱ्याला उंच आणि स्वतःला खाली ठेवण्यासाठी. आपण तेच शब्द नेमके उलट्या कामासाठी वापरतो.

एक नाजूक बाब येथेच सांगून टाकतो. जो आपल्या भावाला एखाद्या पापावरून हिणवतो, तो स्वतः ते केल्याशिवाय मरत नाही, अशा आशयाची एक रिवायत या विषयावर सर्रास सांगितली जाते. तिची साखळी अखंड नाही, म्हणून मी तिचा आधार घेतलेला नाही. तसेच सूरह तौबाच्या 75 ते 77 या आयती. अल्लाहने आम्हाला आपल्या कृपेतून दिले तर आम्ही दानधर्म करू, असे वचन देऊन, मिळाल्यावर हात आखडता घेणाऱ्यांचा तेथे उल्लेख आहे. त्या आयतींना जोडून एका बद्री सहाबींचे नाव भाषणांतून घेतले जाते. तीही रिवायत कमकुवत आहे. दुसऱ्यावर आरोप करू नका हे सांगताना एका सहाबींवरच आरोप लादावा, हे बरे नव्हे. आयतींना त्या गोष्टीची गरजही नाही. 'पैसा आला की मी गावात मदरसा बांधीन' असे म्हणणारे आपल्या प्रत्येक वस्तीत आहेत, आणि पैसा आल्यावर काय बांधले गेले तेही सर्वांच्या डोळ्यांसमोर उभे आहे.

कल्पनेतल्या परीक्षेत आपण शंभरपैकी शंभर गुण घेतो, कारण प्रश्नही आपणच काढतो आणि उत्तरपत्रिकाही आपणच तपासतो. प्रत्यक्ष परीक्षा अशी सांगून येत नाही. 2020 च्या उन्हाळ्याची आठवण अजून पुसलेली नाही. मय्यतला गुस्ल देणे, कफन घालणे, खांदा देणे ही कर्तव्ये आपण पिढ्यान्‌पिढ्या सहज पार पाडीत आलो होतो. आपल्या हातून ती कधी सुटतील असे कोणाच्या मनातही आले नसेल. त्या वर्षी रक्ताच्या नात्यातील माणसे दूर उभी राहिली. आणि ज्यांच्याविषयी मोहल्ल्यात कोणी फारसे चांगले बोलत नसे, असे काही तरुण रात्री-अपरात्री कब्रस्तानात माती देत राहिले. दूर उभे राहिलेल्यांत भित्रेच होते असे मी म्हणणार नाही. कोणाच्या घरी म्हातारी आई होती, कोणाची पत्नी गरोदर होती. पण इतके मात्र खरे की, आधीच्या वर्षी यादी केली असती तर ती चुकली असती.

उलट काही परीक्षा अशा आहेत की त्यांत 'मी असतो तर' म्हणायला जागाच नाही, कारण तुम्ही तेथे आहातच. वडील वारतात. सूरह निसाने (4:11) मुलींचे हिस्से अल्लाहच्या आदेशाने ठरवून दिले आहेत. तलाठ्याकडे वारस नोंदीची वेळ येते आणि बहिणींपुढे हक्कसोडपत्र येते. बहीण सही करते, कारण माहेर तुटू नये असे तिला वाटते. आणि भाऊ म्हणतो की, तिने खुशीने दिले. तेथे खंदक नाही, वारा नाही, शत्रूची छावणी नाही. सातबाऱ्यावर एक नाव राहू द्यायचे एवढेच. या प्रसंगाविषयी मी कोणाला हिणवीत नाही. जमिनीचा तुकडा लहान असतो, डोक्यावर कर्ज असते, हे मी जाणतो. पण खंदकच्या रात्री आपण उठलो असतो असे ज्याला वाटते, त्याने आपल्या बहिणीला एकदा एकांतात, कागद बाजूला ठेवून, विचारून पाहावे.

मग न आलेल्या प्रसंगांविषयी मोमिनाने काय करावे? आपली शिकवण येथे फार व्यवहारी आहे. शत्रूशी गाठ पडण्याची इच्छा करू नका, अल्लाहकडे सुरक्षितता मागा, पण गाठ पडलीच तर धीर धरा, असे प्रेषितांनी (स.) सांगितले आहे. दज्जालविषयी तर त्यांनी असे बजावले की, त्याची वार्ता ऐकणाऱ्याने त्याच्यापासून दूर राहावे. कारण माणूस आपण मोमिन आहोत अशा समजुतीने त्याच्याजवळ जाईल आणि त्याच्या संशयजालात अडकून त्याच्याच मागे लागेल. ज्याला आपल्या ईमानची खात्री आहे, त्यालाच दूर राहायला सांगितले आहे, हे लक्षात घ्या. हरामच्या कमाईचे टेबल, एकांतातली ओळख, सहज मिळणारे कर्ज, यांच्या जवळ जाऊन 'मला काही होणार नाही' म्हणणारे पुष्कळ भेटतात.

नेक नियत मात्र वाया जात नाही. तबूकच्या वेळी आजारपणाने किंवा असमर्थतेने जे मदीनेत राहिले, ते वाटेच्या प्रत्येक पावलावर तुमच्या सोबत होते, अशी ग्वाही प्रेषितांनी (स.) दिली. नियत आणि बढाई यांतला भेद हजरत अनस बिन नज्र (रजि.) यांच्याइतका स्वच्छ क्वचितच कोठे दिसेल. ते बद्रला मुकले होते आणि ती रुखरुख त्यांना सलत होती. त्यांनी म्हटले की, प्रेषितांच्या (स.) सोबतीने पुन्हा एखादा प्रसंग आला तर मी काय करतो ते अल्लाह पाहील. बस्, एवढेच. याहून अधिक काही बोलण्याचे त्यांना भय वाटले, अशी नोंद 'सहीह मुस्लिम'मध्ये आहे. उहुदच्या दिवशी लोक पांगू लागले तेव्हा ते पुढे निघाले. वाटेत हजरत सअद बिन मुआज (रजि.) भेटले, त्यांना ते म्हणाले की, मला उहुदच्या बाजूने जन्नतचा सुगंध येत आहे. नंतर त्यांच्या देहावर तलवारी, भाले आणि बाणांच्या ऐंशीहून अधिक जखमा मोजल्या गेल्या. बहिणीने त्यांना ओळखले ते केवळ बोटांच्या टोकांवरून.

सअद (रजि.) हे औस कबिल्याचे सरदार होते, बद्रमध्ये लढलेले होते, आणि पुढे त्यांच्या मृत्यूने रहमानचे सिंहासन हलले, असे प्रेषितांनी (स.) सांगितले. त्या दिवशी अनस बिन नज्र (रजि.) यांच्याविषयी बोलताना त्यांनी प्रेषितांना (स.) एवढेच सांगितले की, त्यांनी जे केले ते मला जमले नाही.